एकवीस दिवसांची सवलत

आजोबांच्या गोष्टींत हिशेब फार. साताऱ्याच्या एका सहकारी बँकेत ते कारकून होते, आणि रंगात आले की १ एप्रिल १९५७ ची गोष्ट सांगत. त्या दिवशी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा पैसे. सव्वासहा पैशांचं नाणं कुणी पाडलेलं नाही, तेव्हा कुठेतरी तोडायला हवं. एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे साडेबारा होतात म्हणून बारा, तीन आण्यांचे पावणेएकोणीस म्हणून एकोणीस, चार आण्यांचे बरोबर पंचवीस. आजोबांना हा तक्ता म्हातारपणीही तोंडपाठ होता. पावकी, निमकी, पाऊणकी घोकलेल्या पिढीला त्यातलं गणित जड नव्हतंच. साडेबाराचे बारा धरायचे की तेरा, हे कुणी ठरवायचं, हा खरा प्रश्न होता.

ते कायद्याने ठरवलं होतं. १९५५ मध्ये नाण्यांच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यात म्हटलं होतं की रक्कम जवळच्या नव्या पैशापर्यंत आणावी, आणि वरचा व खालचा पैसा सारख्याच अंतरावर असेल तर खालचा धरावा. शिवाय एका व्यवहारात जितकी नाणी दिली तितक्यांचा हिशेब एकत्र करावा. त्यामुळे चार वेळा एकेक आणा दिला तर चोवीस पैसे होत, आणि चार आणे एकदम दिले तर पंचवीस. गिऱ्हाइकं भांडत. आजोबा त्यांना कायदा सांगत आणि पुढच्या वेळी एकदम द्या म्हणत.

बँकेत मात्र वेगळीच अडचण आली. एकेका खात्याची शिल्लक नव्या पैशांत आणली, त्यांची बेरीज केली. मग जुन्या खतावणीतल्या एकूण शिलकेचं एकदम रूपांतर केलं. दोन्ही आकडे जुळेनात. सगळे कारकून रात्री उशिरापर्यंत बसले, पानं उलटसुलट तपासली, चूक सापडेना. शेवटी मॅनेजर म्हणाले, चूक नाहीच, प्रत्येक खात्यात थोडं थोडं तुटलंय ते इथे साठलंय. फरक सस्पेन्स खात्याला टाका आणि घरी जा. एकही आकडा चुकलेला नसताना बेरीज चुकू शकते, हे पचायला आपल्याला बरेच दिवस लागले, असं आजोबा सांगायचे.

मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. कोबोल या जुन्या संगणकभाषेत लिहिलेल्या बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या प्रणाल्या जावा या नव्या भाषेत आणायच्या, हे माझं रोजचं काम. जावात पैशांचा हिशेब करायला बिगडेसिमल नावाची सोय आहे, आणि तिला आकडा कसा तोडायचा ते स्वतंत्रपणे सांगावं लागतं. त्या पर्यायांपैकी 'हाफ डाउन' म्हणजे अक्षरशः नाण्यांच्या कायद्यातला नियम: बरोबर मधोमध असेल तर खाली. तो पर्याय पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

कोबोलचा जन्म १९५९ चा. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने कंपन्या आणि सरकारी खाती एकत्र बसली, आणि हिशेबाच्या कामासाठी कोणत्याही यंत्रावर चालेल अशी एक भाषा असावी असं ठरलं. ग्रेस हॉपर यांनी आधी केलेल्या फ्लो-मॅटिक या भाषेचा तिच्यावर मोठा ठसा आहे. वाचताना इंग्रजी वाक्यं वाटावीत, अशी ती बेतली. हिशेबनिसाला प्रोग्रॅम वाचता यावा ही त्यामागची इच्छा, आणि ती बरीचशी पुरी झाली असं मी म्हणेन. चाळीस वर्षांपूर्वीचा कोबोल आजही वाचता येतो. काय केलंय ते कळतं. का केलंय ते मात्र कळत नाही, आणि आमचं सगळं काम त्या 'का'पाशी येऊन अडतं.

हे काम आपल्याकडे नवं नाही. टाटा कन्सल्टन्सीने परदेशासाठी केलेल्या अगदी सुरुवातीच्या कामांत १९७४ चं बरोज कंपनीचं काम होतं. एका रुग्णालयाच्या हिशेबाची प्रणाली बरोजच्या मध्यम यंत्रांच्या कोबोलमधून तिच्याच लहान यंत्रांच्या कोबोलमध्ये न्यायची होती. हाताशी बरोजचं यंत्रच नव्हतं, तेव्हा मुंबईत आयसीएल १९०३ वर ते काम केलं. म्हणजे भारतातून सॉफ्टवेअर बाहेर जायला लागलं तेच मुळी जुन्यातून नव्यात नेण्याच्या कामाने. कॉलेजात आम्हाला हे कुणी शिकवलं नाही. जुना प्रोग्रॅम नव्या भाषेत आणणं हे दुय्यम, हमाली काम समजलं जाई, अजूनही समजलं जातं. मला हे मुळीच पटत नाही. कोरा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्या दिवशीच्या गरजा ठाऊक असल्या की भागतं. जुना प्रोग्रॅम आणणाऱ्याला त्या संस्थेचा सगळा भूतकाळ समजून घ्यावा लागतो.

आत्याची गोष्ट इथे सांगायला हवी. ती १९६५ च्या सुमारास मुंबईत एका कंपनीच्या पंचिंग रूममध्ये लागली. हॉलमध्ये मुलींच्या रांगा, प्रत्येकीपुढे पंचिंग मशीन, शेजारी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा. कार्डावर ऐंशी रकाने. एकीने पंच केलेलं कार्ड दुसरी व्हेरिफायरवर घेई आणि तोच मजकूर पुन्हा टाइप करी. जुळला तर कार्डाच्या उजव्या कडेला खाच पडे, नाही जुळला तर मशीन अडून बसे. दिवसाकाठी किती कार्डं झाली याची मोजणी असे आणि चुकांचीही असे. शेजारच्या खोलीत एसी होता, तो यंत्रासाठी. आम्हा मुलींना उकाडा, असं ती अजूनही सांगते.

ऐंशी रकान्यांत सगळं बसवायचं, तेव्हा एकेका रकान्याची काटकसर. सालाचे चार आकडे लिहिणं म्हणजे उधळपट्टी, म्हणून दोनच. रक्कम उणे असेल तर वजाबाकीच्या चिन्हाला वेगळा रकाना कोण देणार? तेव्हा शेवटच्या आकड्याच्या डोक्यावर, शून्याच्याही वरच्या ओळीत, आणखी एक भोक पाडायचं. त्या भोकाचा अर्थ उणे.

आता मधली कित्येक वर्षं ओलांडा. एका परदेशी विमा कंपनीच्या फायली आमच्याकडे आल्या होत्या. रकमेच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी आकडे होते, पण मध्येच कुठे शेवटच्या जागी इंग्रजी अक्षर. शून्य, शून्य, एक, दोन, तीन, चार आणि मग एन. टीममधल्या मुलांनी ओळी बाजूला काढल्या आणि माहिती खराब झालीय म्हणून त्या वगळण्याचा प्रस्ताव तयार केला. मला काही ते बरोबर वाटेना. अक्षरं कुठलीही नव्हती. जे ते आर एवढीच होती, आणि महिरपी कंस. माहिती खराब झाली तर ती इतकी शिस्तीत खराब होत नाही.

रविवारी आत्याकडे गेले होते. कंपनीची माहिती दाखवायची नव्हती, म्हणून कागदावर मी मनानेच एक रक्कम लिहिली आणि शेवटी एन काढला. तिने चष्मा लावला आणि लगेच म्हणाली, "अगं, हे उणे बारा हजार तीनशे पंचेचाळीस. पैशात असेल तर एकशे तेवीस रुपये पंचेचाळीस पैसे, उणे. पाचावर भोक पाडलंय." पाचाच्या भोकावर ते वरचं भोक पाडलं की यंत्र त्याला एन वाचतं, एकावर पाडलं की जे, नवावर पाडलं की आर. कार्डं गेली, भोकं गेली, पण उणे रक्कम लिहायची ती रीत आयबीएमच्या मोठ्या यंत्रांच्या अक्षरसंचात तशीच उतरली आणि फायलींमधून इथवर आली. ज्या ओळी आम्ही वगळणार होतो, त्या लोकांना परत केलेल्या पैशांच्या होत्या. वगळल्या असत्या तर ज्यांचं देणं फिटलंय त्यांच्या नावावर पुन्हा येणं दिसलं असतं. पुस्तकात हे सापडलं नसतं असं नाही. पुस्तक उघडायची वेळ आली आहे हेच मुलांना उमगलं नव्हतं. आत्याला मी घरबसल्या सल्लागार नेमा म्हणून कंपनीत सांगितलं. तसं पद नाही म्हणाले.

सालाच्या दोन आकड्यांनी पुढे जगाला कामाला लावलं, ते सर्वांना माहीत आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पुण्या-मुंबईची कितीतरी मुलंमुली त्याच कामासाठी न्यू जर्सीला आणि आणखी कुठे कुठे गेली. काही आज्ञावलींत २००० हे लीप वर्षच धरलं नव्हतं. शंभराने भाग जातो म्हणून सोडलं होतं आणि चारशेने भाग गेला तर पुन्हा धरायचं हे विसरलं होतं. बऱ्याच ठिकाणी वेळ वाचवायला अशी तोड काढली की शून्य ते एकोणपन्नास आलं तर दोन हजारातलं साल, पुढचं एकोणीसशेमधलं. या सगळ्यातली एक गोष्ट मला लागून राहिली आहे. कोट्यवधी ओळी तेव्हा माणसांनी उघडल्या, एकेक वाचल्या. ज्यांनी त्या लिहिल्या ते तेव्हा नोकरीत होते, निदान हयात होते. तारखांबरोबर बाकीच्या नियमांची कारणंही विचारून घेता आली असती. घेतली नाहीत, कारण कंत्राट तारखांचं होतं. वीस वर्षांनीही तेच कोबोल चालू होतं: एप्रिल २०२० मध्ये बेकारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांनी मदतीला यावं असं जाहीरपणे सांगावं लागलं.

कारण विचारायचं राहिलेला असाच एक नियम बाबांच्या कामातला. ते एका बँकेच्या शाखेत लेजर कीपर होते. बचत खात्यावरच्या व्याजाचा तेव्हाचा नियम घरोघरी ठाऊक होता: महिन्याच्या दहा तारखेचं काम संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात कमीत कमी जी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. म्हणून आई म्हणायची, दहाच्या आत भरून टाक. अकरा तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज नाही, आणि एकतीस तारखेला काढलेल्या पैशाचं महिनाभराचं व्याज बुडालं. बाबा लेजरच्या पानावर बोट फिरवत खाली येत, सर्वांत लहान आकडा शोधत आणि पेन्सिलीने कडेला मांडत. सहामाही व्याज लावायच्या रात्री शाखेत सगळ्यांचं जेवण बाहेरून येई.

या नियमाचं कारण बाबांनीच मला सांगितलं. हजारो खात्यांची रोजची शिल्लक धरून हाताने व्याज काढणं माणसांना शक्य नव्हतं. महिन्याला एक आकडा शोधणं शक्य होतं. नियम हाताच्या ताकदीवर बेतलेला होता. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांशी यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, मग शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, पुढे कोअर बँकिंग आलं. रोजच्या शिलकेवर व्याज काढणं यंत्राला चुटकीसरशी जमलं असतं. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सांगितलं होतं की नियम असा आहे, आणि त्याने इमानेइतबारे दहा तारीख प्रोग्रॅममध्ये लिहिली. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज सुरू झालं. तोवर बाबांचं बोट यंत्राच्या आत फिरतच होतं.

हिशेब करून बघा. खात्यात एक हजार रुपये आहेत, ११ एप्रिलला एकोणपन्नास हजार भरले आणि महिनाभर हात लावला नाही. तेव्हाच्या साडेतीन टक्के दराने जुन्या नियमात त्या एकोणपन्नास हजारांवर एप्रिलचं व्याज शून्य. नव्या नियमात वीस दिवसांचे सुमारे चौऱ्याण्णव रुपये. असा महिना देशभरातल्या किती खातेदारांच्या वाट्याला किती वर्षं आला असेल! हा पैसा कुणी लुबाडला नाही, पण यंत्र आलं त्या दिवशी कुणीतरी विचारायला हवं होतं की ही दहा तारीख कशासाठी आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की जुन्या नियमाला ना हात जोडावेत, ना त्याला केराची टोपली दाखवावी. काही नियम हात थकतो म्हणून झालेले असतात, काही कुणावर अन्याय होऊ नये म्हणून. प्रोग्रॅममध्ये दोन्ही सारखेच दिसतात. हल्ली कोबोल वाचून त्यातले नियम वेगळे काढून देणारी साधनं चांगली आहेत. पुण्यातली टीआरडीडीसी ही टाटांची संशोधन संस्था १९८१ मध्ये सुरू झाली, तिथे आज्ञावलींच्या विश्लेषणावर पुष्कळ काम झालं. आता कृत्रिम बुद्धिमत्ताही शंभर पानांचा प्रोग्रॅम वाचून दोन पानांत सांगते. मी ही साधनं रोज वापरते आणि मला ती हवीच आहेत. पण कारण फाइलीत नसेल तर ते त्यांना सापडायचं कुठून?

नवीन प्रणाली तयार झाली की काही काळ जुनी आणि नवी शेजारी शेजारी चालवतात. याला पॅरलल रन म्हणतात. तीच खाती, तेच व्यवहार, आणि दोन्हींची उत्तरं पैशाला पैसा लावून ताडायची. मुंबईतल्या एका सहकारी बँकेच्या कामात असे दोन प्रकारचे फरक निघाले. पहिला एकेका पैशाचा, पण हजारो खात्यांत. कोबोलमध्ये 'राउंडेड' असं लिहिलं नाही तर जास्तीचे दशांश सरळ तोडले जातात. बारा रुपये चौतीस पूर्णांक पाच पैसे आले तर चौतीसच राहतात. आमच्या जावात ते पस्तीस होत होते. शिवाय जुनी प्रणाली दर महिन्याला तोडत होती आणि आम्ही सहामाहीच्या बेरजेवर. कुठे तोडायचं हाही नियमच, आजोबांच्या कायद्यातल्या 'एका व्यवहारात'सारखा. तो फरक मिटला.

दुसरा फरक मोजक्या कर्जखात्यांत होता, पण रुपयांत. या खात्यांना हप्ता उशिरा आला तरी जुनी प्रणाली दंडव्याज कमी लावत होती. प्रोग्रॅम उघडला. एक जागा सापडली: सभासदाचा तालुका-क्रमांक ठरावीक चारांपैकी असेल आणि महिना सहा ते आठ असेल, तर उशिराच्या दिवसांतून एकवीस वजा. वर काही टीप नाही. बँकेत कुणाला माहीत नाही. पोटनियमांत नाही. आयटी विभागाचं मत पडलं की कुणीतरी ओळखीच्यांसाठी घुसडलेलं असणार, काढून टाका. मलाही क्षणभर तसंच वाटत होतं, पण चार तालुक्यांतली शेकडो माणसं कुणाच्या ओळखीची असणार?

बँकेच्या निवृत्तांच्या यादीतून कर्ज विभागाच्या एका जुन्या अधिकाऱ्यांचा पत्ता मिळाला. डोंबिवलीला राहत होते. मूळचे देवगडकडचे. मी त्यांना चार क्रमांक वाचून दाखवले, महिने सांगितले. ते म्हणाले, "बोटी."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. बँकेचे बरेच सभासद गिरणगावातले कोकणी लोक. कर्ज मुंबईत काढायचं, घर गावाला बांधायचं, आणि नोकरी सुटली की गावाहून हप्ता धाडायचा. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत जायची. माणसं, टपाल, आंबे, पैसे, सगळं बोटीने. पावसाळ्यात बोटी बंद. रस्त्याने यायचं तर खाड्यांवर पूल नाहीत, तरीतून पलीकडे जायचं, पूर आला तर तेही नाही. घाटात दरड कोसळली की आठ-आठ दिवस गाडी नाही. जूनची मनीऑर्डर जुलैत पोचायची. माणसाने वेळेवर पैसे भरलेले, पावतीवर तारीख, आणि बँक त्याला दंड लावणार? सभासदांनी वार्षिक सभेत हा प्रश्न काढला. संचालक मंडळाने तोंडी मान्य केलं. खतावणीत त्या सभासदांच्या पानावर लाल पेन्सिलीने खूण असायची. पुढे संगणक आला तेव्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाला यांनीच शेजारी बसून ती खूण समजावली होती.

"एकवीसच का?" मी विचारलं.

"पावत्या काढून बसलो होतो आम्ही तिघं. जास्तीत जास्त उशीर किती झालाय ते बघितलं. एकवीस निघाले."

बोटी केव्हाच बंद झाल्या. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावते. आता हप्ता मोबाइलवरून येतो. नियमाचं कारण उरलेलं नव्हतं. तरी तो आमच्या हाताने गुपचूप पुसला जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं, आणि मी तसं बँकेला लिहून दिलं. विषय संचालक मंडळापुढे गेला. ठराव झाला: चालू असलेल्या त्या कर्जांना ती फिटेपर्यंत सवलत, नवीन कर्जांना नाही. माझ्या समजुतीने हा निर्णय योग्य होता. त्यांनी सवलत सरसकट बंद केली असती तरी मी ते मानलं असतं, कारण तो त्यांचा अधिकार आणि त्यांनी तो जाणून वापरला असता.

नव्या प्रणालीत प्रत्येक नियमाजवळ आम्ही आता चार गोष्टी लिहितो: नियम काय, तो कुठून आला, कुणी मान्य केला, आणि कारण अजून टिकून आहे का. या नियमापुढे मी लिहिलं, 'पावसाळ्यात कोकणातून टपालाला उशीर होत असल्यामुळे'. खात्री करून घ्यावी म्हणून फोनवर त्या निवृत्त अधिकाऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांना ते पसंत पडलं नाही.

"मॅडम, पावसाळा नका लिहू. पाऊस सगळीकडेच पडतो. 'बोटी बंद असल्यामुळे' लिहा, आणि बंदरांची नावं घाला."

सातही नावं त्यांनी पुन्हा एकदा क्रमाने सांगितली, आणि मी ती तशीच घातली.